कोऱ्या कपाळांचा मंडप

कीर्तनाला उभं राहताना तोंड देवाकडे आणि लक्ष माणसांकडे असावं, असं वृंदाचे वडील नरहरबुवा लिमये सांगत. "देवाला आपलं सगळं आधीच ठाऊक असतं गो. माणसांचं काय चाललंय ते मात्र बघावं लागतं." कसं बघायचं तेही त्यांनी लेकीला शिकवलं होतं. सगळा मंडप बघायला जाऊ नये, भोवळ येते. एक चेहरा धरावा. तो हलला की समजावं, मंडप हलला.

आता वृंदा कुणाचाच चेहरा धरत नव्हती. तिला पट्टा होता.

मे संपत आला होता आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधीची शेवटची बोट भाटव्याच्या खाडीबाहेर उभी होती. लक्ष्मीनारायणाच्या मंडपात पाहुणे दाटीवाटीने बसले होते. कोणी कोरियाचे, कोणी इटलीचे, कोणी आणखी कुठले. प्रत्येकाच्या कानात दुभाष्याची गोळी होती, आणि त्या गोळीतून ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या भाषेत, पण वृंदाच्याच आवाजात कीर्तन ऐकू येत होतं. गरीब मित्र देवाच्या वाड्यात पोचला होता. काखेतली पोह्यांची पुरचुंडी तो लाजेने लपवत होता. वृंदाने हात उचलला आणि थांबली. कमरेला, नऊवारीच्या आत बांधलेल्या पट्ट्यातून उजव्या अंगाला बारीक गुदगुली होत होती. ती वाढली. अजून थोडी वाढली. फळ पिकल्यासारखी ती पुरती भरली तेव्हाच वृंदाने पुढे झेप घेऊन देवाच्या हाताने पुरचुंडी ओढली, आणि सगळा मंडप एका दमात "आ" म्हणाला.

कालही याच जागी म्हणाला होता. परवाही.

आरती झाली. पाहुण्यांनी हात जोडून फोटो काढून घेतले. एक बाई वृंदाचा हात हातात घेऊन म्हणाली, की मी हे जन्मात विसरणार नाही. ते खरंच असावं, तिचा तळहात गरम होता. मग बोटीवर नेणाऱ्या लाँचचा भोंगा झाला, बाई गेली, आणि तिचं नाव विचारायचं राहिलं.

देवळाचा पुजारी अनंत गुरव पेटीची साथही करायचा. भाता मिटवता मिटवता तो म्हणाला, "आज फार रंगलं हो ताई. अगदी कालच्याइतकं."

"टोमणा मारतोयस?"

"छे. केसाचाही फरक नाही, एवढंच म्हटलं. तबल्याची तर काळजीच नाही, तो डब्यातनं येतो."

तबल्याचा ठेका खरोखरच डब्यातून येत होता. वृंदाने तो बंद केला. मंडपात झेंडूच्या पाकळ्या आणि समुद्राचा आवाज एवढंच उरलं.

हे असं कसं झालं, तर त्याला भाटव्यात कुणी वाईट म्हणत नव्हतं. विमानांच्या धुरावर जगभर जबर कर बसले, प्रवास महागला, आणि सवड असलेली माणसं पुन्हा संथ बोटींनी फिरू लागली. शिडं आणि सौरपत्रे लावलेल्या त्या बोटी किनाऱ्याकिनाऱ्याने येत. त्यातली एक वाट भाटव्यावरून गेली. जेटी झाली, रस्ता झाला, दवाखाना झाला आणि त्यात डॉक्टर टिकला. मुंबईला गेलेली पोरं परत येऊन लाँच चालवू लागली. देवळाचं गळकं छप्पर शाकारलं गेलं. पण त्याच हिशोबात किनाऱ्यालगतची घरं पाहुण्यांच्या मुक्कामाला गेली आणि घरमालक वर सड्यावर, कातळावर राहायला गेले. खालच्या विहिरी उपसून उपसून खारट झाल्या. चांगली सुरमई बोटीवर चढायची, गावाला उरलासुरला बांगडा. वृंदा मात्र देवळामागच्या घरातच राहिली, कारण कीर्तनकारीण देवळाजवळ हवी, असं बोटींच्या पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या पाहुणचार मंडळाचं म्हणणं पडलं. दिवसभर येणारे जाणारे तिला हसून "नमस्ते" म्हणत. "काय गो, जेवलीस?" असं विचारणारं त्या वाटेवर कुणी उरलं नव्हतं.

आणि रसमापी. ते यंत्र पाच वर्षांपूर्वी आलं.

त्याची करामत साधीच होती. हृदय एकदा आकसलं की रक्ताची लाट अंगभर धावते. ती कपाळाच्या पातळ कातडीखाली पोचली की कपाळाचा रंग किंचित बदलतो. इतका किंचित, की मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईलाही दिसू नये. पण रक्त हिरवा प्रकाश गिळतं, आणि चांगल्या कॅमेऱ्याला प्रत्येक ठोक्यागणिक कपाळावरचा हिरवा कमीजास्त होताना दिसतो. हात न लावता नाडी बघण्यासारखंच ते. गालांवर दाढी असते, गाल बोलताना हलतात, म्हणून कपाळ. आता पुढची गंमत. एकच गोष्ट मन लावून ऐकणाऱ्या माणसांची हृदयं हळूहळू एकमेकांच्या लयीत पडू लागतात. मन उडालं की लय विस्कटते. मंडपाच्या तुळयांवरचे कॅमेरे सगळ्या कपाळांचे ठोके टिपत, यंत्र ते एकमेकांवर ठेवून बघे, आणि जुळत असतील तर कीर्तनकाराच्या कमरेचा पट्टा त्या बाजूने गुदगुल्या करी. डावीकडचे श्रोते रमले तर डावीकडे, उजवीकडचे तर उजवीकडे.

पहिल्या दिवशी वृंदाला अंगावर काटा आला होता. इतकी वर्षं अंधारात चाचपडल्यासारखी ती लोकांचं मन शोधत होती, आणि आता ते कुणीतरी हातात आणून देत होतं. उजवीकडे पाहुणे बसत. डावीकडे, खांबापासून, गाव बसे. उजवं अंग गुणगुणायचं.

डावं अंग गप्प असायचं.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज. तिने सूर बदलून पाहिला, विनोद घातले, गावातल्या माणसांची नावं घेऊन चिमटे काढले. लोक हसल्यासारखे दिसत, पण पट्टा ढिम्म. हसणं काय, तोंडदेखलंही असतं. हळूहळू तिची मान उजवीकडे वळू लागली. पूर्वरंगात, म्हणजे कथा सुरू होण्याआधीच्या निरूपणात, पाहुणे विस्कटत, म्हणून निरूपण आटलं. पुरचुंडीच्या कथेला पट्टा सगळ्यात जास्त खुलायचा, म्हणून रोज तीच कथा. पाहुणे रोज नवे, त्यांना काय.

तबल्याला जयराम मेस्त्री असत. सुतारकीचा धंदा, नरहरबुवांच्या वेळेपासूनची साथ. मंडपाचे खांबही त्यांच्याच हातचे. वृंदा परकर सावरत पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ठेका चुकल्यासारखं करून तिला सावरून घेणारे तेच. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एकदा तिने त्यांना सांगितलं, "काका, निरूपणाला लय जरा वाढवा. पाहुणे कंटाळतात."

"आणि गाव?"

"गावाचं मन आता कीर्तनात नाही उरलं, काका."

"असं कोण म्हणतो?"

"म्हणायला कशाला हवं. मला कळतं ना." तिने कमरेवर हात ठेवला.

"आज त्या दारवानाने मित्राला अडवलं तेव्हा मी रडलो, बाय," मेस्त्री म्हणाले. "वाजवता वाजवता."

वृंदाला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. आपलं महत्त्व राखायला बोलतोय. ती म्हणाली, "असेल, काका."

त्या "असेल" नंतर मेस्त्रींनी तबल्याला गवसणी घातली आणि घरी गेले. ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्यामागून एकेक करून गावही येईनासं झालं, आणि डावी बाजूही पाहुण्यांनी भरली. मग दोन्ही अंगांना गुदगुल्या होऊ लागल्या. वृंदाला हायसं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगा.

श्रावणात बोटी नव्हत्या. भाटवं कुणीतरी हाक मारायची विसरल्यासारखं पडून होतं. पाहुण्यांच्या मुक्कामाच्या घरांना कुलपं, किनाऱ्यावर उलट्या करून ठेवलेल्या लाँच. वृंदा आपल्यापुरता भात टाकायची आणि अर्धा उरायचा. अशात रसमापीची देखभाल करायला नूपुर वानखडे आली. अमरावतीची, तिशीची, शिडीवर चढताना गुणगुणणारी. चार दिवस घरात दुसरं माणूस, म्हणून वृंदाने पहिल्याच दिवशी मोदक केले.

"अहो ताई, इतकं कुठं करता," नूपुर म्हणाली आणि चौथा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदा पूजेला देवळात गेली. अनंताने तीर्थ दिलं आणि कपाळाला बुक्का लावला. भाटव्याचा बुक्का म्हणजे एवढासा ठिपका नव्हे. तीन बोटं बुडवून तो या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत कपाळभर ओढायचा. देवाने माणसाचं नशीब वाचू नये, नुसतं माणूस बघावं, म्हणून कपाळ झाकायचं, असं गावातली जुनी माणसं सांगत. गाव तो लावूनच कीर्तनाला बसे. पाहुण्यांना मात्र लावत नसत. पहिल्याच वर्षी एकाच्या कातडीवर पुरळ उठलं, तेव्हापासून त्यांच्या हातात फूल.

"ताई, जरा त्या खांबाजवळ बसता का?" नूपुर शिडीवरून म्हणाली. "मला जिवंत माणूस हवं."

"जिवंत आहे की नाही ते तुझं यंत्रच सांगेल," म्हणून वृंदा हसत बसली.

नूपुरने हातातली पाटी बघितली. मग कॅमेरा बघितला. पुन्हा पाटी. "कमाल आहे. बसलात ना तुम्ही?"

"बसल्येय की."

"मग हे काय म्हणतंय?" तिने पाटी वळवून दाखवली. मंडपाचा नकाशा होता, जागोजागी चौकोन. वृंदाच्या चौकोनात लिहिलं होतं, 'जागा रिकामी'.

वृंदाला गंमत वाटली. मग थोडी कमी वाटली.

"थांबा, थांबा," नूपुर खाली उतरली. "ते कपाळावर काळं काय आहे? पुसा ना जरा."

वृंदाने पदराने कपाळ पुसलं. पाटीवरचा चौकोन उजळला आणि त्यात एक रेघ डोंगरदऱ्या काढत धावू लागली.

"बघा, झालं. ही तुमची नाडी. जरा वाढलीय, पण ठीक आहे."

"नूपुर," वृंदा म्हणाली, "हे पहिल्यापासूनच असं आहे?"

"म्हणजे काय. कपाळ झाकलं असलं, टोपी असली, की यंत्र तो माणूस सोडून देतं. उगाच अंदाज बांधत नाही, ते बरंच आहे ना. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे, कपाळ मोकळं हवं. पाहुण्यांची असतातच मोकळी."

"आणि समज, एका बाजूचे सगळेच बुक्का लावून बसले. तर पट्ट्याला काय कळेल?"

"काहीच नाही. म्हणजे लोक रमले नाहीत असं नाही हं. तिथं कुणी नाहीच, असं. यंत्रासाठी दोन्ही वेगळं आहे." तिने पाटी काखेत मारली. "पट्ट्यात मात्र सारखंच. तो गप्प."

वृंदा खांबाला टेकून बसून राहिली. हीच ती जागा. वडिलांनी तिला शिकवलेला चेहरा इथे बसायचा. मेस्त्रींची बायको, शेवंताकाकी. "ती म्हातारी धर," नरहरबुवा म्हणत. "तिची मान डोलली की पुढे जा. नाही डोलली तर थांब, काहीतरी खोटं बोलत्येयस." काकी पहिली येऊन पाठ खांबाला लावायची, आणि कपाळभर बुक्का.

"ताई, बरं वाटत नाही का?" नूपुरने विचारलं.

"मी तुला कधी विचारलंच नाही," वृंदा म्हणाली. "पाच वर्षं तुझ्याआधी आलेल्या मुलांनाही नाही. हे डावं अंग का गप्प असतं, एवढं नुसतं विचारायचं होतं."

सड्यावरचा चढ पावसाने निसरडा झाला होता. वरती पत्र्याच्या छपरांची एकसारखी घरं, दारात निळ्या टाक्या. मेस्त्री पडवीत बसून पाहुण्यांना विकायच्या छोट्या चिपळ्या घासत होते. हात थरथरत होते, म्हणून काम गुडघ्यात धरलं होतं.

"ये गो," ते म्हणाले, जणू ती कालच येऊन गेली होती. "वाट चुकलीस?"

"काका, एक सांगायचंय."

"बस आधी. पाणी टँकरचं आहे, चालेल ना देवळाकडच्या माणसांना?"

ती पाणी प्यायली आणि तिने सगळं सांगितलं. कपाळ, रंग, हिरवा प्रकाश, बुक्का. मेस्त्री घासायचं थांबले नाहीत. तिचं संपल्यावर चिपळी फुंकून बाजूला ठेवली.

"म्हणजे आम्ही नव्हतोच म्हणायचं."

"यंत्राला तुम्ही दिसत नव्हतात, काका."

"यंत्राचं सोड. ते परक्याचं पोर, त्याला काय ओळख. तुला दिसत नव्हतो?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मी आलो नाही, ते माझं डोकं," मेस्त्री म्हणाले. "पण ही शेवटपर्यंत येत होती. गुडघे गेले, तर आमच्या बाबूच्या रिक्षातनं उतरायची. मी म्हणायचो, कशाला जातेस, ती बघत पण नाही तुझ्याकडे. तर म्हणायची, बघेल. कामात आहे पोर. घरी आली की मला सांगायची. आज वृंदाने पुरचुंडी सोडली तेव्हा मला माझा बाप आठवला. रोज तीच कथा, आणि हिला रोज बाप आठवायचा."

"काका."

"रडू नको. मी तुला रडवायला सांगत नाही. तू आलीस म्हणून सांगितलं."

ती रडत नव्हतीच. काकी गेली तेव्हा बोटींचा मोसम ऐन भरात होता, आणि वृंदा संध्याकाळचं कीर्तन आटोपून मग भेटायला वर आली होती, घाईत, कमरेचा पट्टा तसाच. ते तिला आठवत होतं.

"पाहुण्यांवर राग नको धरूस," मेस्त्री आपणहून म्हणाले. "तो रस्ता नसता तर तिला दवाखान्यातनं दोनदा परत आणलं, ते जमलं नसतं. बाबू पण गावात राहिला, त्यांच्यामुळेच. माणसं वाईट नाहीत. फक्त उद्या नसतात."

"तुम्ही याल का, काका?"

त्यांनी हात पुढे करून दाखवले. बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी.

"वाजवायला नको. ऐकायला."

"चढ मोठा झालाय गो आता," मेस्त्री म्हणाले, आणि दुसरी चिपळी उचलली.

नारळीपौर्णिमा झाली, समुद्र निवळला आणि पहिल्या बोटीची तारीख आली. वृंदाने पाहुणचार मंडळाच्या कार्व्हालो साहेबांना फोन करून सांगितलं, की यापुढे मध्यंतरात सगळ्यांना बुक्का लागेल. ज्याला चालेल त्याला, विचारून.

"ताई, मग पट्टा चालणार नाही," कार्व्हालो म्हणाले. माणूस भला होता, ख्रिसमसला न चुकता केक धाडायचा. "रंगतंय की पडतंय, तुम्हाला कळणार कसं?"

"नाही कळणार."

"मग?"

"मग बघावं लागेल, साहेब. बाबा बघायचे तसं. मला येईल की नाही ठाऊक नाही, सवय गेलीय."

"पाहुणे उठून गेले तर मला वर उत्तर द्यावं लागतं हो. एक संध्याकाळ करून बघा. पुढचं पुढे."

त्या संध्याकाळी वृंदाने निरूपण पुरतं केलं. आतिथ्य म्हणजे काय, यावर बोलली. दारात आलेल्याला आपण पाणी देतो, पण त्याच्याकडून काही घेतो का, यावर बोलली. निम्म्यातच कमरेचा पट्टा विझू लागला. पाहुणे चुळबुळत होते, मागचे दोघेतिघे उठून समुद्र बघायला गेले. पुरचुंडीवर उडी मारावी, सगळं सावरेल, असं वाटत होतं. तिने मारली नाही.

मध्यंतरात अनंताने गजर धरला आणि तिने स्वतः बुक्क्याची वाटी उचलली. दुभाष्याने प्रत्येकाच्या कानात सांगितलं, की नको असेल त्याने हात जोडावेत. थोड्यांनी जोडले. बाकीच्यांनी कपाळं पुढे केली, कुणी हसत, कुणी डोळे मिटून, कुणी केस मागे सारून. वृंदा तीन बोटं बुडवत गेली, ओढत गेली. पट्टा रांगेगणिक निवत गेला. नूपुरने जाताना भिंतीवर लावून दिलेल्या पाटीवर एकेक चौकोन विझत होता, दिवे मालवत जावेत तसा. शेवटी चारदोन कोऱ्या कपाळांची बारीक शिरशिरी उरली. वृंदाने आडोशाला जाऊन पट्टाच सोडला आणि पेटीजवळ ठेवला.

मग ती गादीवर परतली आणि समोर बघितलं.

एवढी एकटी ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. समोर माणसंच माणसं, आणि एकाचंही मन तिच्या हाती लागत नव्हतं. एक उंच गृहस्थ डोळे मिटून होता, झोपला होता की तल्लीन होता, देव जाणे. एक मुलगी हसत होती, ते कौतुक होतं की भिडस्तपणा. ती सवयीने खांबाकडे वळली. खांबाजवळ कुणी नव्हतं. ती जागा तिने सांगून मोकळी ठेवली होती.

तिने कथा सुरू केली. डब्यातला ठेका चालत होता, ती त्याच्यामागून धावत होती. दारवानाने अडवलं. देव धावत आला. पाय धुतले. कुठे थांबायचं, किती थांबायचं, काही कळत नव्हतं. पुरचुंडीपाशी आली आणि तिचा हात हवेत राहिला. या जागी मेस्त्री लय उतरवत, नुसत्या बायावर, डाव्या हाताच्या डग्ग्यावर, विहिरीत पोहरा सोडावा तशी. डब्याला ते ठाऊक नव्हतं. तिने अनंताला खूण केली. अनंताने डबा बंद केला.

सगळं गप्प झालं. फार वेळ गप्प झालं. कुणीतरी खोकलं.

मग मागून, जिथे चपला काढतात तिथल्या खांबावर, कुणीतरी तळहाताने ठोका दिला. थांबून दुसरा. लाकडाचा खोल, भरलेला आवाज. प्रत्येक ठोक्यामागे आणखी एक बारीक ठोका येत होता, हात थरथरतो तेव्हा येतो तसा. पण लय तीच होती. उतरती, संथ.

वृंदाने लगेच तिकडे बघितलं नाही. तिने त्या लयीत पुरचुंडी सोडली. झेप नाही, ओढणं नाही. आधी एक गाठ, मग दुसरी गाठ, मग फडक्याचं एकेक टोक. आत पोहे होते, एवढंच ती म्हणाली, आणि मग मान वर करून बघितलं. कपाळभर बुक्का होता. चेहरा ओला होता.

पाहुण्यांना ती संध्याकाळ आवडली की नाही, तिला कळलं नाही. नेहमीसारखा "आ" झाला नाही. आरतीनंतर काही जण न बोलता गेले. एका वयस्कर बाईने कपाळाला बोट लावून पाहिलं, काळं झालेलं बोट न पुसता ती तशीच लाँचकडे चालू लागली, आणि जेटीवरून एकदा वळून बघितलं. वृंदाने धावत जाऊन तिला नाव विचारलं. मिरेला, ती म्हणाली.

परत येईपर्यंत मागच्या खांबाजवळ कुणी नव्हतं. चढ उजेडात गाठायचा असेल. किंवा अजून राग असेल. खांबावर तळव्याएवढा काळा डाग होता.

भिंतीवरची पाटी कुणी बंद केली नव्हती. अनंताने ती वाचली आणि म्हणाला, "ताई, यंत्र म्हणतंय आज कथेला चारदोन माणसं सोडून कुणी आलंच नव्हतं."

"असेल," वृंदा म्हणाली.

तिने देवापुढचे प्रसादाचे पोहे घेतले, पदराचं टोक पुढे ओढलं आणि त्यात बांधायला लागली. मग थांबली, घरातून एक जुनं धुतलेलं फडकं आणलं, पोहे त्यात घातले, आधी एक गाठ, मग दुसरी. पुरचुंडी काखेत धरून ती सड्याच्या चढाला लागली.